बिननंबरी कोळशी

फिर्यादीचा मजकूर येणेप्रमाणे.

ज्याची बाजू मांडावयाची तो इसम: गुरुपादप्पा वल्द शिवलिंगप्पा, पेशा मोटार मिस्त्री, राहणार मौजे जळकोट, सोलापूर–हैदराबाद सडकेच्या कडेला, चिंचेखाली. जी वस्तू वादात आहे ती: एक मोटार, घरी बनवलेली, लाकडी कोळशाच्या गॅसवर चालणारी, लोकांत ‘कोळशी’ या नावाने परिचित. काळ: निजाम सरकारची अखेरची वर्षे, त्यातही युद्धाची, महिना प्रत्येक वेळी बहमन, म्हणजे इंग्रजी डिसेंबरच्या सुमाराचा. साक्षीदार: हुसेन वल्द महबूब, मोटारीवरचा जोडीदार, मल्लव्वा, गुरुपादप्पाची धाकटी बहीण, दिलेली येणेगूरला, आणि रेवणसिद्धप्पा, धान्याचे आडते, ज्यांच्या काट्यावर या मोटारीचे निम्मे भाग तोलले गेले. चौथा साक्षीदार सदरहू चिंच. ती बोलू शकत नसल्याने तिच्या वतीने मी बोलतो.

लिहिणारा माणिक नरहर देशमाने, पेशा अर्जनवीस, बसण्याची जागा तुळजापूरच्या कचेरीसमोर, घर जळकोटला. शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. परंतु माझ्या हातच्या अर्जाची भाषा पाहून मुन्सफ साहेबांनी एकदा कारकुनास विचारले होते की, हा मजकूर कोणा वकिलाचा काय. हे सांगण्याचे कारण एवढेच की, गुरुपादप्पाच्या प्रकरणात न्याय झाला नाही तो अर्जाच्या उणिवेने नव्हे.

आता इसमाविषयी.

गुरुपादप्पाला कोणी नमस्कार केला तर तो नमस्कार करीत नसे. मोटारीखालून मान बाहेर काढून तो विचारी, “काय तुटलं?” लग्नाची अक्षत घेऊन आलेल्या माणसालाही हाच प्रश्न, आणि शेजारच्या घरी पाळणा हलल्याची खबर घेऊन आलेल्या म्हातारीलाही हाच. मठाचे स्वामी एकदा घोड्यावरून आले, त्यांनाही त्याने तेच विचारले. स्वामी समंजस. ते म्हणाले, “रिकीब तुटली आहे.” गुरुपादप्पाने रिकीब जोडून दिली, हात पुसले, आणि मग पाया पडला. त्याच्या हिशेबी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, तुटलेल्या आणि तुटायच्या राहिलेल्या.

अंगाने तो आडवा, मानेने आखूड, आणि स्वभावाने सरळ सरळ तापट. गळ्यात लिंग, कमरेला पाना. घरी बहिणीशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, हुसेनशी दखनी, आणि इंजिनाशी तिन्ही भाषांत शिव्या. त्याला आपल्या हुनराचा गर्व होता आणि तो लपवण्याची तसदी त्याने कधी घेतली नाही. चुका तो भरपूर करी. फक्त त्या झाकत नसे. उलट त्या टांगत असे. त्याचे असे की, मोटारीचा जो भाग तुटे तो तो तारेने चिंचेच्या फांदीला बांधी. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवी: ही स्प्रिंगची पाटी दाळिंब गावच्या चढाला गेली, ही नळी माझ्या अडाणीपणानं फुटली. पुढे पुढे तुळजापूरला दर्शनाला जाणाऱ्या बायांना वाटू लागले की, हे नवसाचे झाड आहे. त्या खाली बसून कुंकू लावू लागल्या, फांदीला बांगड्या बांधू लागल्या. हुसेनने त्यांना समजवावयाचे ठरवले, तेव्हा गुरुपादप्पा म्हणाला, “बांधू दे. त्यांचं बी काहीतरी तुटलंच आसंल की.”

हा हुसेन पूर्वी उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता. उंच, सडपातळ, बोलण्यात थट्टा. दोघांचे दिवसभर भांडण आणि सांजेला एका ताटलीतला चिवडा, असा त्यांचा शिरस्ता.

कोळशीचा जन्म असा झाला. एका जागीरदार साहेबांची विलायती मोटार नळदुर्गजवळ बोरी नदीच्या उतारावर पुरात सापडली होती. मोटारीतली माणसे निघाली, मोटार गाळात राहिली. साहेबांनी ती सोडून दिली. गुरुपादप्पाने ती बैल लावून काढली. इंजिन गेलेले होते, सांगाडा शाबूत होता. त्यावर त्याने मोडीत निघालेल्या लॉरीचे इंजिन बसवले. युद्धामुळे पेट्रोल चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी मिस्त्र्याला कोण देणार? म्हणून मागे कोळशाची टाकी जोडली. टाकीत बाभळीचा कोळसा पेटवायचा, त्याचा धूर गाळून इंजिनात सोडायचा, आणि त्या गॅसवर मोटार चालवायची. त्या दिवसांत कित्येक सर्व्हिस मोटारी अशाच चालत, त्यात नवल नव्हते. नवल हे की ही मोटार कोणत्याही कंपनीची नव्हती.

आणि येथेच दुःखाला आरंभ झाला.

मोटार सडकेवर आणायची तर तिला नंबर हवा. नंबर मागण्यास आम्ही गेलो तेव्हा संबंधित दफ्तरातील कारकुनाने विचारले, “कंपनी कोणती?” गुरुपादप्पा म्हणाला, “जळकोट.” कारकुनाने पुन्हा विचारले. गुरुपादप्पाने पुन्हा तेच सांगितले, थोडे मोठ्याने. कारकून सभ्य होता. त्याने सांगितले की, कंपनीचे नाव नाही तर मोटार नाही, आणि मोटार नाही तर नंबर कशाला देणार? बाहेर आल्यावर गुरुपादप्पा मला म्हणाला, “अर्जवाले, तुमी ल्ह्या. गाडी हाय. पळती. नंबर द्या. बास.” मी त्याला समजावले की, सरकारदरबारी असे लिहीत नसतात, आधी साहेबांच्या पायरीप्रमाणे मायना, मग हकीकत, मग कायद्याचा आधार, मग विनंती. मी चार पाने लिहिली. उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले. पुन्हा आले नाही. आजही माझे मत असे आहे की, ती चार पाने कोणी वाचली असती तर हा पुढचा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती.

त्याच सुमारास त्याच जागीरदार साहेबांनी मोटारींची एक शर्यत काढली. त्यांच्या स्नेह्यांजवळ विलायती मोटारी होत्या, शिकारीचा हंगाम संपत आला होता आणि करमणूक हवी होती. शर्यत वेगाची नव्हती, टिकण्याची होती. जळकोटपासून उमरग्यापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. दोन्ही टोकांना थांबण्यास मुभा, मध्ये नाही. मोटारीत निघतील तीच दोन माणसे. तिसऱ्या कोणाचा हात मोटारीस लागता कामा नये. जी मोटार मावळतीपर्यंत चालती राहील तिला शर्यतीच्या कमिटीचा दाखला मिळेल, आणि तो दाखला नंबरासाठी ग्राह्य धरला जाईल, असे साहेबांनी चारचौघांत कबूल केले. त्या एका दिवशी सडकेवर कोणतीही मोटार, नंबराची वा बिननंबराची, चालवण्यास मनाई नव्हती.

म्हणजे वर्षातला एक दिवस कोळशी सडकेवर मोटार होती, आणि बाकीचे दिवस नव्हती. हे ज्याला समजते त्याला गुरुपादप्पाच्या त्या पुढच्या वर्षांचे सर्व वागणे समजते.

सडकेवर बंदी, म्हणून तो तिला सडकेच्या कडेच्या गाडवाटेवर चालवी. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, दगड, ओढे. रोज काहीतरी तुटे, रोज चिंचेला काहीतरी लटके, आणि तुटलेल्याच्या जागी अधिक दणकट बसे. हुसेन विचारी, “उस्ताद, शर्यत सडकपर है, तुम गढ्ढेमें क्यों चलारै?” गुरुपादप्पा म्हणे, “पळवायची न्हाय रं हिला. टिकवायचीया. पळायला साहेब लोकांकडं घोडी हायती.”

मग मोटार हलकी करण्याचे वेड. कोळशाच्या गॅसवर इंजिनात जोर कमी, तेव्हा ओझे कमी पाहिजे. दारे काढली. टप काढला. गादी काढून बाभळीची फळी ठोकली. दिवे काढले, कारण शर्यत उन्हाची. प्रत्येक काढलेला आणि घातलेला भाग तो रेवणसिद्धप्पांच्या आडतीत नेऊन धान्याच्या काट्यावर ठेवी. शेतकरी ज्वारीची पोती घेऊन खोळंबत आणि पारड्यात तेलकट लोखंड. रेवणसिद्धप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, “अप्पा, माझ्या ज्वारीला गिऱ्हाईक म्हणतंय घासलेटचा वास येतोय.” गुरुपादप्पाने एक दिवस हुसेनलाच पारड्यात बसवले आणि पाहून झाल्यावर गंभीरपणे सांगितले की, शर्यतीपर्यंत रात्रीची भाकरी बंद. हुसेन म्हणाला, “और तुम, उस्ताद? तुम कब बैठते?” गुरुपादप्पा काट्यावर बसला नाही. तो विषय त्याने तेथेच संपवला.

पहिल्या शर्यतीचे वर्णन थोडक्यात. सूर्य उगवला, निशाण पडले, विलायती मोटारी धूळ उडवून गेल्या, आणि आमची टाकी पेटत नव्हती. हुसेन भाता मारतो आहे, गुरुपादप्पा टाकीला तिन्ही भाषांत बोलतो आहे, जमाव हसतो आहे. कोणी म्हणाले, “अप्पा, चहा ठेवलाय का?” शेवटी निघाली. दुपारपर्यंत मोठमोठ्या मोटारी ठिकठिकाणी टायर फुटून, पाणी उकळून उभ्या होत्या आणि कोळशी आपल्या चालीने त्यांच्या शेजारून जात होती, खोकत, धुरकटत, परंतु जात. उन्हे कलल्यावर राखेने गाळणी तुंबली आणि इंजिन येणेगूरच्या अलीकडे बंद पडले. गाळणी चिंचेला लागली. त्यावर त्याने वर्षभर विचार केला. तार, कापड, काथ्या सर्व करून पाहिले, आणि अखेर वाळलेल्या घोसाळ्यांच्या जाळ्या एकावर एक रचल्या. त्या वर्षी जळकोटात घोसाळ्याची भाजी कोणाच्या ताटात पडली नाही. सर्व वेल त्याने वाळवायला लावले.

दुसऱ्या शर्यतीत कोळशी मावळतीपर्यंत चालली. मी स्वतः पाहिले. जागीरदार साहेबांची मोटार आणि ही, दोनच. सूर्य गेला तेव्हा गुरुपादप्पा मोटारीतून उतरला नाही. फळीवर बसून राहिला, हात स्टेरिंगवर, आणि हुसेन टाकीला पाठ लावून रडत होता, नंतर त्याने धुराने डोळ्यांत पाणी आले असे सांगितले. कमिटीने दाखले लिहावयास घेतले. कोळशीच्या दाखल्यावर कंपनीचा रकाना आला. कमिटीचे चिटणीस हैदराबादचे, इंग्रजी शिकलेले. त्यांनी विचार करून सांगितले की, कंपनीखेरीज दाखला देण्याचा अधिकार त्यांना आहे की नाही याबद्दल त्यांना खात्री नाही. तेव्हा पुढील वर्षी मोटारीची नोंद आधीपासून ‘खाजगी बनावट’ म्हणून करावी, मग अडचण येणार नाही. मी त्याच दिवशी अर्ज दिला की, पुढील वर्षाची सवलत याच वर्षी लागू करावी. उत्तर आले नाही.

गुरुपादप्पाने चिंचेखाली येऊन नेहमीप्रमाणे पाना काढला, पण तुटलेले काहीच नव्हते. तो झाडाकडे पाहत बसला. मला म्हणाला, “आज काय टांगू?” एवढ्या वर्षांत एवढा वाईट प्रश्न मला कोणी विचारला नाही.

तिसऱ्या शर्यतीची नोंद मी स्वतः केली. खाजगी बनावट, मुक्काम जळकोट. मंजूर होऊन आली. आता फक्त एक दिवस चालायचे होते, आणि कोळशी चालणार याबद्दल शत्रूलाही शंका नव्हती.

परंतु हैदराबादच्या चिटणीस साहेबांनी तारीख इंग्रजी पाहून धरली, आणि ती नेमकी येळवस निघाली.

परप्रांतीच्या वाचकांसाठी सांगतो. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्या भागात गावात कोणी राहत नाही. सगळी माणसे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगडांची पूजा मांडायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबट आंबील करून आधी पिकावर आंबील शिंपडायची आणि मग वाटेने जाणारा ओळखीचा असो की नसो, त्याला ओढून आणून जेवू घालायचे. त्या दिवशी कोणाच्या रानावरून न जेवता पुढे जाणे हा अपमान. मी कमिटीला लेखी कळवले की, या दिवशी शर्यत ठेवल्यास मोटारी जेवणासाठी थांबवल्या जातील. उत्तर आले नाही.

मल्लव्वाचे रान येणेगूरच्या वळणावर, सडकेला लागून. तिला माहेर म्हणजे हा एकच भाऊ. तिच्या लग्नापासून गुरुपादप्पाने तिच्या कोपीतली येळवस चुकवली नव्हती. शर्यतीच्या आधी ती बाजाराला आली तेव्हा चिंचेखाली दोघांची बोलाचाली झाली, मी हजर होतो.

“शर्यत कुणाची बी आसू दे,” ती म्हणाली. “अण्णाचं पाऊल रानात पडलं न्हाय तर म्या कोपीत दिवा लावणार न्हाय.”

तो खेकसला. मध्ये थांबले तर बाद होतो हे त्याने तिला समजावले, नंबर म्हणजे काय ते समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मंग थांबू नगंस. वळणाला हळू कर. म्या कडंला उभी ऱ्हाते. तेवढ्यानं माझं भागंल.” तो विरघळला. जाता जाता ती वळून म्हणाली, “आन् गाडीचं? ती बी घरचीच की आता.”

गुरुपादप्पा पूजाअर्चेचा माणूस नव्हता. खंडेनवमीलाही त्याने कोळशीला फूल वाहू दिले नव्हते, नंबर आल्याशिवाय नाही म्हणे. पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला, “शिंपड तिच्यावर बी दोन थेंब.”

मी त्या वेळी हजर असूनही त्या वाक्यात मला काही वावगे दिसले नाही. आमच्यापैकी कोणालाच दिसले नसते. पिकावर शिंपडतात, बैलांवर शिंपडतात, घरच्या माणसांवर उडते. ती काय मदत झाली?

शर्यतीच्या दिवशी माझ्या अर्जात लिहिल्याप्रमाणेच घडले. सडकेच्या दोन्ही अंगांना कोपी, आणि विलायती मोटारींना माणसे आडवी. एका जागीरदारांच्या जावयाची मोटार दाळिंबच्या पोरींनी अडवून त्याला उंडे खाऊ घातले आणि तो बाद झाला; तो तृप्त होऊन कडेला झोपला, त्याला त्याचे दुःख नव्हते. कोळशीला कोणी अडवले नाही. ही आपली आहे, हिचे काम आज आहे, हे रानोरान ठाऊक होते. माणसे बांधावर उभी राहून फक्त हात जोडत.

येणेगूरच्या वळणावर गुरुपादप्पाने मोटार हळू केली. मल्लव्वा आंबिलीचे मडके आणि हरभऱ्याचा डहाळा घेऊन उभी होती. मोटार चालती होती, चाके थांबली नव्हती, हे मी तेथे बांधावर हजर असल्याने शपथेवर सांगतो. तिने डहाळा बुडवून भावावर शिंपडले, हुसेनवर शिंपडले आणि मोटारीच्या नाकावर शिंपडले. तापलेल्या पत्र्यावर आंबील पडली, चर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला. आणि वळणाच्या पलीकडे छत्रीखाली कमिटीचा निरीक्षक बसलेला होता.

कोळशी मावळतीपर्यंत चालली. मावळतीनंतर कमिटीने निकाल वाचला: बिननंबरी मोटार, जळकोट, बाद, बाहेरील स्त्रीने तापलेले इंजिन थंड करण्यासाठी त्यावर पाणी ओतले.

गुरुपादप्पाला पुढे बोलावले. मी त्याच्या कानात सांगितले होते की, बाई कोण हे ठाऊक नाही असे सांग. येळवशीला वेडीवाकडी माणसे रस्त्यावर येतात, एवढे म्हण, पुढचे मी लिहितो. चिटणीस साहेबांनी विचारले, “ती बाई तुमच्या ओळखीची होती का?”

“बहीण हाय माझी,” गुरुपादप्पा म्हणाला. “म्याच सांगितलं शिंपड म्हणून.”

“म्हणजे पाणी तुमच्या सांगण्यावरून टाकले.”

“पाणी न्हाय ते. आंबील हाय.”

हुसेनने पुढे होऊन मोटारीच्या नाकावरचा वाळलेला पांढरा ओघळ बोटाने दाखवला. “साब, चाटके देखो. खट्टा है.”

जमाव हसला. निरीक्षकही थोडा हसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने सभ्यपणे सांगितले की, आंबट असो की गोड, पातळ पदार्थाने इंजिन थंड होते, आणि त्याने जे पाहिले ते लिहिले. चिटणीस म्हणाले, “नियम तर तुम्हालाही माहीत होता.” गुरुपादप्पा म्हणाला, “व्हय, म्हायती हुता.” आणि जमावातून वाट काढून निघून गेला. मी तेथेच उभा राहून अपील लिहिले. आंबील हे अन्न असून ते शिंपडणे हा धर्माचार आहे, आणि धर्माचारास मदत म्हणता येत नाही, असा माझा मुद्दा होता. तो मुद्दा आजही बिनतोड आहे असे मी मानतो. उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवशी तो येणेगूरला गेला, उरलेली शिळी भज्जी खाल्ली, आणि मल्लव्वाला सांगितले, “नंबर मिळाला. पत्रा रंगवून यायचा हाय.” माझ्या माहितीत तो आयुष्यात बोललेला हा एकमेव खोटा शब्द. त्याने माझ्याकडून वचन घेतले, हुसेनकडून घेतले, रेवणसिद्धप्पांकडूनही घेतले. मल्लव्वा बाजाराला आली की विचारी, “पत्रा आला का, अण्णा?” तो म्हणे, “येतोय.” आणि मोटारीखाली शिरे. पुढे कोणी “काय तुटलं?” हा प्रश्न त्याच्या तोंडून क्वचितच ऐकला.

शर्यती पुढे झाल्या नाहीत. दिवस फिरले. गावोगाव धास्ती, सडकेवर हत्यारबंद माणसे, ज्याला जे वाहन दिसेल ते त्याचे. गुरुपादप्पाने कोळशी कडब्याच्या गंजीत गाडून टाकली. त्यानंतर राज्य बदलले, आणि त्या दिवसांत हुसेन काही महिने मल्लव्वाच्या रानात राहिला. का, ते येथे लिहीत नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारावे लागणार नाही. मल्लव्वाच्या नवऱ्याने त्याच्या राखणीला बांधावर खाट टाकली आणि तो तिच्यावरून उठला नाही.

निजामाचे राज्य गेल्यावर मी आनंदाने गुरुपादप्पाकडे गेलो. नवे सरकार, नवे दफ्तर, आपल्या भाषेत अर्ज. गंज उकलली, कोळशी काढली, उंदरांनी घोसाळ्याच्या जाळ्या खाल्ल्या होत्या, त्या नव्या घातल्या. आम्ही दोघे उस्मानाबादेस गेलो. नव्या कारकुनाने चष्मा पुसला, अर्ज पाहिला, आणि मराठीत विचारले, “कंपनी कोणती?”

मी गुरुपादप्पाकडे पाहिले. तो तापेल असे मला वाटले. तो तापला नाही. खाली पाहून त्याने विचारले की, कंपनी नसलेल्या मोटारीचे या राज्यात काय करतात. कारकुनाने चौकशी करून सांगितले की, अशी मोटार तपासणीसाठी येथे आणून दाखवावी, मग विचार होईल. परंतु नंबर नसलेली मोटार सडकेवर चालवल्यास गुन्हा होईल, हे ध्यानात ठेवावे.

“मंग आणू कशी?” गुरुपादप्पाने विचारले.

“ते तुमचं तुम्ही बघा,” कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात तिरस्कार नव्हता. असता तर बरे झाले असते, त्याविरुद्ध अर्ज तरी करता आला असता.

पुढचे मी ऐकून लिहितो, हुसेनने सांगितले तसे. उस्मानाबादेत तपासणीस साहेबांनी मोटार पाहिली. गुरुपादप्पाने टाकी पेटवली, कोळशी चालू झाली, आवारात दोन फेऱ्या मारल्या. साहेब खूष झाले, निकाल कळवतो म्हणाले, आणि तोवर मोटार आवारातच ठेवण्यास सांगितले. गुरुपादप्पा तिला सोडून येईना. धर्मशाळेत राहिला, रोज सकाळी आवारात जाऊन तिची धूळ पुसत असे आणि दफ्तर उघडले की दारात उभा राही. निकालाची वाट पाहता पाहता त्याला ताप आला. तो तापातच गेला. हुसेन जवळ होता. मोटार आजही त्याच आवारात आहे. तिच्या सावलीला दफ्तरातील चपराशी दुपारचे जेवतात.

मी स्वतः त्याला अखेरचे पाहिले ते जळकोटहून निघताना. मेहुण्याने येणेगूरहून दोन बैलजोड्या आणल्या होत्या; मल्लव्वाला मात्र, मोटार पत्रा लावून घ्यायला न्यायची आहे, एवढेच सांगितले होते. मोटारीला जू बांधले होते. इंजिन थंड, टाकी रिकामी, कोळशाची गोणी हुसेनच्या खांद्यावर, कारण ती मोटारीत ठेवली तर बैलांना ओझे. सडकेवरून सर्व्हिस मोटारी जात, आतली माणसे खिडकीतून हसत. गुरुपादप्पा धुतलेले धोतर नेसून फळीवर ताठ बसला होता, दोन्ही हात स्टेरिंगवर, नजर समोर. बैल चालत होते आणि तो बैलांच्या मागे मोटार चालवीत होता, प्रत्येक खड्डा चुकवून. तुळजापूरच्या फाट्यापर्यंत मी मागून चालत गेलो; तेथे मागेपुढे दुसरे वाहन नव्हते. तरी त्याने उजवा हात बाहेर काढला, वळण्याचा इशारा दिला, वळण पूर्ण होईपर्यंत तो हात तसाच धरून ठेवला, आणि मग आत घेतला.

सबब विनंती येणेप्रमाणे. हा मजकूर ज्या कोणा अधिकारी, विद्वान वा सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडेल, आणि ज्याचा शब्द त्या दफ्तरात चालत असेल, त्याने सदरहू मोटारीचा निकाल लावून घ्यावा. नंबर द्यावयाचा नसल्यास न देण्याचे कारण लेखी द्यावे. ‘कंपनी नाही’ हे कारण आम्ही पूर्वी ऐकले आहे, ते पुन्हा देऊ नये. नंबर द्यावयाचा असल्यास पत्रा रंगवून मल्लव्वा, मौजे येणेगूर, वळणावरचे रान, या पत्त्यावर पाठवावा. भाऊ गेल्याचे तिला कळले आहे. पत्रा येतो आहे, यावर मात्र तिचा अजून भरवसा आहे, आणि तो खोटा आहे हे तिला सांगण्याचे काम आम्हां तिघांपैकी कोणीही पत्करलेले नाही.

मोटार परत नेण्यास हुसेन येईल. तो तिला चालवीत आणील, दिवसाउजेडी, सडकेच्या मधून. आम्ही बैल आणणार नाही.

उत्तराची वाट पाहत आहे.

अर्जनवीस माणिक नरहर देशमाने, जळकोट